मसूरचे स्टेशन आणि बनगरवाडीची वाट

खेड्यात जाऊन राहण्याची भाषा मराठीत पुन्हा एकदा सुरू झाली आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याची माणसे सातारा-सांगलीकडच्या आपापल्या गावी आली. त्यांतली काही तिथेच राहिली. त्याआधीपासून वाई-पाचगणीच्या बाजूला जमिनी घेऊन घरे बांधणारा पैसेवाला वर्ग होताच. आता निवृत्त कारकून, शिक्षक आणि घरी बसून कंपनीचे काम करणारा तरुण हेही गावाची वाट विचारू लागले आहेत. त्यांचे अनुभव रविवारच्या पुरवण्यांतून छापून येतात. या लेखनाचा साचा ठरलेला आहे. आधी शहराचा वीट, मग पहिल्या पावसाचा वास, मग साधीभोळी माणसे आणि शेवटी एक वाक्य : गावाने आम्हाला आपले मानले. हे वाक्य वाचले की माझ्या मनात प्रश्न येतो. गावाने म्हणजे नेमके कोणी? आणि आपले म्हणजे कोणाचे?

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ वाङ्मयीन नाही. मी सांगलीत मराठी शिकवून निवृत्त झालो. खानापूर तालुक्यातल्या एका गावी वडिलांच्या नावावर थोडी जागा आहे आणि तिच्यावर पडके घर आहे. माझी मुलगी म्हणते, ‘आप्पा, गावाकडे बांधू या. तुम्हाला वाचायला शांतता मिळेल.’ आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे. ती म्हणते, ‘म्या न्हाई यायची बाबा. एकदा सुटलीया तितनं.’ एकाच घरात एकाच गावाविषयी ही दोन मते आहेत. ह्या दोघींत खरे कोण बोलते आहे ते मला ठरवता येईना. तेव्हा मी माझ्या धंद्याला जे सुचते तेच केले. पुस्तके पुन्हा काढली.

तीन पुस्तके काढली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, बाबासाहेबांच्या आठवणींची ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही छोटी पुस्तिका आणि शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’. तिन्हींत एकाच पट्ट्यातला मुलूख येतो. खटाव, माण, आटपाडी हा तो कमी पावसाचा मुलूख. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पण दुष्काळाने जिल्ह्याची हद्द कधी मानलेली नाही.

‘बनगरवाडी’ १९५५ सालची. मराठीतल्या चांगल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते आणि ती योग्य आहे. मी ती अनेक वर्षे वर्गात शिकवली आणि प्रत्येक वेळी तिच्या भाषेने मला जिंकले. औंध संस्थानातला एक कोवळा तरुण धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून जातो. वाडीला शाळेची गरज वाटत नाही. मुले मेंढरांमागे असतात. माणसे मास्तरकडे संशयाने पाहतात. मग हळूहळू कारभाऱ्याचा लोभ जडतो, शाळेत पोरे येऊ लागतात, मास्तर वाडीचे कागद लिहू लागतो, भांडणात पडू लागतो. वाडीच्या श्रमातून तालीम उभी राहते आणि खुद्द राजा ती पाहायला येतो. पुढे दुष्काळ पडतो, वाडी उठते आणि मास्तरही तिथून निघतो. बाहेरचा माणूस खेड्यात कसा रुजतो याचे इतके संयत चित्र मराठीत क्वचितच आले असेल.

पण आता कसोटी बदलून पाहा. मास्तर वाडीवर येतो तो संस्थानचा हुकूम घेऊन येतो. त्याला अंग टाकायला छप्पर आहे, महिन्याचा पगार आहे, मन मोकळे करायला कारभारी आहे. त्याच्यापुढे अडचण आहे ती संशयाची. वाडीला तो परका वाटतो, एवढेच. आणि संशयाचा गुण असा की तो वागणुकीने फिटतो. मास्तर प्रामाणिक निघाला, वाडीच्या उपयोगी पडला, की संशय गेला. संशय आणि विटाळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विटाळ वागणुकीने फिटत नाही. जो प्रश्न बनगरवाडीच्या मास्तरपुढे अडसर म्हणून कधी उभाच राहिला नाही, तो कादंबरीतही उभा राहिला नाही. यात माडगूळकरांचा दोष काढावा असे मला वाटत नाही. त्यांनी आपल्या वाटेवर जे पाहिले ते लिहिले. दोष आहे तो समीक्षेचा. तिने ही एक वाट म्हणजे खेड्यात जाण्याची सगळी वाट असे धरून चालले.

दुसरी वाट मसूरच्या स्टेशनातून जाते. बनगरवाडीच्या काळाच्या सुमारे चाळीस वर्षे आधीची, १९०१ सालची ही गोष्ट. सुभेदार रामजी आंबेडकर तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात सापडलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तळे खोदवीत होते. साताऱ्याला मागे राहिलेली मुले उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे निघाली. त्यांत भीमराव होता. नवे कपडे घातलेली ही मुले आगगाडीने मसूरला उतरली. वडिलांकडून कोणी न्यायला आले नव्हते, कारण पत्र त्यांच्या हाती पोचलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. ‘आम्ही महार’ हे उत्तर ऐकताच तो मागे सरला. पुढे गाडीवाले भाडे असूनही न्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे. शिदोरी बरोबर होती, पण पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर मुलांनी आपली जात लपवूनही पाणी मागून पाहिले. मिळाले नाही. मुले तहानलेलीच रात्र काढून दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली.

ही हकीकत अन्यायाचे एक उदाहरण म्हणून आपण सभांतून नेहमी सांगतो. मला ती इथे वाङ्मयाच्या अंगाने वाचायची आहे. बनगरवाडीत परक्या माणसाकडे लोक आधी संशयाने पाहतात आणि ओळख वाढली की जवळ करतात. मसूरला नेमके उलटे घडते. ओळख नसते तोवर ममता असते. ओळख पटते आणि ममता संपते. एका वाटेवर ओळख हे रुजण्याचे साधन आहे, दुसऱ्या वाटेवर ओळख हीच हकालपट्टी आहे. आता ‘गावाने आम्हाला आपले मानले’ हे वाक्य पुन्हा वाचा. ज्यांची ओळख त्यांना खाली ओढीत नाही, त्यांनाच ते लिहिता येते.

आणखी एक गोष्ट. बाप ज्या कामावर होता ते काम तळ्याचे, म्हणजे पाण्याचे होते. त्या कामाच्या पैशाचा हिशेब त्याच्या हाती होता. त्याच्याच मुलांना त्या वाटेवर घोटभर पाणी मिळाले नाही. शिक्षण झाले, सरकारी हुद्दा आला, अंगावर चांगले कपडे आले, की खेडे आपोआप स्वीकारते, असे मानणाऱ्यांनी या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे. आणि हेही ध्यानात घ्यावे की लष्करातून निवृत्त झाल्यावर सुभेदार रामजी आपल्या मूळ गावी, आंबडव्याला, राहायला गेले नाहीत. ते दापोलीला राहिले, साताऱ्याला राहिले. पेन्शन घेतलेला महार शिपाई गावापेक्षा छावणीच्या आसपास का राहतो, याचे उत्तर मसूरच्या वाटेवर मिळते.

तिसरे पुस्तक ‘तराळ-अंतराळ’, १९८१ सालचे. शंकरराव खरात आटपाडीचे, जन्म १९२१. माडगूळकर शेजारच्या माडगुळ्याचे, जन्म १९२७. दोघांचाही मुलूख एक, संस्थान एक, दुष्काळ एक. दोघेही पाठोपाठ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९८३ ला अंबाजोगाईस माडगूळकर, १९८४ ला जळगावला खरात. माणदेशी मातीने दोन अध्यक्ष दिले असे तेव्हा कौतुकाने म्हणता आले असते, आणि ते खोटेही नव्हते. पण त्या मातीला दोन दारे होती.

खरातांचे वडील गावचे तराळ. आता आपल्या विषयाच्या दृष्टीने तराळ म्हणजे काय ते पाहा. गावाने पिढ्यान्पिढ्या सर्वांत पक्के बसवलेले माणूस म्हणजे तराळ. त्याला जागा ठरलेली, गावकुसाबाहेर. काम ठरलेले, गाव आणि सरकार सांगेल ते. भाकर ठरलेली, दारोदार मागून आणायची. मुरवणे, सामावून घेणे, आपले मानणे हे सगळे शब्द इथे पूर्ण खरे ठरतात. गावाला हा माणूस हवा होता. कोणत्या अटीवर हवा होता ते विहिरीतल्या प्रेताच्या प्रसंगात कळते. विहिरीत प्रेत सापडते. त्याची राखण तराळाने करायची. पोलीस येतात तेव्हा जीव धोक्यात घालून आत उतरायचे तेही तराळानेच. आणि लहान मुलगा काठावर उभा राहून बापाकडे पाहतो आहे. ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर पाण्यासाठी चढता येत नव्हते, त्यालाच प्रेतासाठी विहिरीत उतरावे लागत होते. गावात ‘रुजणे’ म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

म्हणून मी म्हणतो, खेड्याविषयीच्या कोणत्याही लेखनाला आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. या माणसाला जागा कोणी दिली? पाणी कुठून मिळते? आणि त्याच्या बदल्यात त्याच्याकडून कोणते काम मागितले जाते? पावसाचा वास नंतर पाहू.

आता पुस्तके बाजूला ठेवतो. माझे वडील मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होते. विणाई खात्यात पगार अधिक मिळे, पण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर तिथे आपल्या माणसांना पूर्वी शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला होता. वडिलांच्या काळी नियम म्हणून ते उरले नव्हते, पण आपली माणसे बहुधा बापाच्या खात्यातच लागत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. काही महिन्यांनी खोलीचे भाडे थकले आणि आम्ही गावी आलो. मी तेव्हा शाळेत होतो. त्याच एस. टी. त वडिलांचा एक मराठा सोबती होता. एकाच गिरणीतला, एकाच गेटवर घोषणा दिलेला. फाट्यावर दोघे उतरले. त्याची वाट गावात गेली, आमची वस्तीकडे. जाताना तो म्हणाला, ‘येतो गड्या.’ त्या दोन वर्षांत तो आमच्या घरी चहाला एकदाही आला नाही. तो वाईट माणूस नव्हता. मुंबईत तो आमच्या खोलीत जेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी एका थोरल्या वाड्यातून निरोप आला. वडील गेले, मीही मागे गेलो. ओट्यावरचे म्हातारे म्हणाले, ‘आलास न्हवं? बरं झालं. माणूस मिळंना झालाय.’ संपाविषयी, मुंबईविषयी, प्रकृतीविषयी एक शब्द नाही. गावाने वडिलांना ओळखले होते आणि त्यांच्या ठरलेल्या जागी परत ठेवले होते. वडील म्हणाले, ‘मी रोजगार हमीवर नाव घातलंय, आण्णा.’ आणि परत फिरले. १९७२ च्या दुष्काळातून आलेली रोजगार हमी नसती तर त्यांना ते वाक्य बोलता आले नसते. खडी फोडायला सगळ्या जातींची माणसे होती. ऊन सगळ्यांना सारखे होते. पाण्याची घागर मात्र एकच होती, आणि आम्हाला वरून ओततात हे मी पहिल्यांदा तिथे पाहिले. मुंबईच्या चाळीत नळ होता. तिथे रांगेत भांडणे होत, पण ओंजळ करावी लागत नसे. आई ‘तितनं सुटलीया’ म्हणते ते या घागरीपासून.

इतके सांगून थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. कारण त्याच संपातून परतलेल्या कामगारांनी त्याच खानापूर तालुक्यात दुसरेही काही केले. दुष्काळी कामांचा प्रश्न हाती घेऊन मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. ‘नुसती खडी किती दिवस फोडायची, दुष्काळ हटेल असे काम द्या,’ असा तिचा रोख होता. येरळा नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. तीच मर्यादित वाळू विकून त्या पैशातून आणि लोकांच्या श्रमातून तांदुळवाडी-बलवडीच्या माणसांनी बळीराजा धरण बांधले. पाणी वाटपाचे तत्त्व असे ठेवले की हक्क कुटुंबाला, जमिनीच्या आकाराला नव्हे, आणि भूमिहीनालाही वाटा. १९९३ पासून आटपाडीला भरत आलेल्या पाणी परिषदांतही समन्यायी पाण्याची ही मागणी सतत आली. हे ऐकून वडील म्हणाले होते, ‘पाणी दिलं तर सोडायचं कुठं? वंजळीत?’ तेव्हा आम्ही हसलो. पण चळवळीनेही त्या प्रश्नाला उत्तर शोधले होते. भूमिहीनाने दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी आणि आपला वाटा म्हणून पाणी घालावे. म्हणजे त्याने रिकाम्या हाताने बांधावर उभे राहायचे नाही. खेड्यात जागा मिळण्याची ही निराळीच रीत आहे. इथे मेहेरबानी नाही, हिस्सा आहे.

हिस्सा देता येतो, हे राज्यकर्त्यांनाही कधी माहीत नव्हते असे नाही. त्याच औंध संस्थानात १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले. भिंती नसलेली ती कैद्यांची वसाहत, ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामुळे देशाला ठाऊक झाली. कारखान्याला माळ मिळाला, शिक्षा झालेल्या माणसांना विश्वासाने जमीन मिळाली, आणि माणसे तिथे रुजली. दोन्ही प्रयोगांचा मला आदर आहे. पण शेजारच्याच गावात तराळ गावकुसाबाहेर होता आणि त्याने काही गुन्हाही केला नव्हता.

बाबासाहेबांनी हेच ओळखले होते. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या त्यांच्या निवेदनात पडीक सरकारी जमिनीवर अशी गावे वसवण्यासाठी वसाहत आयोग सुचवलेला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत त्यांनी खेड्याची जी निर्भर्त्सना केली, ती आपण पाठ म्हणतो. पण त्यामागचा हा विधायक विचार विसरतो. त्यांचा नकार मातीला नव्हता, गावगाड्याला होता. माणसाने शेतीवर जगावे, पण कोणाच्या ओट्याखाली उभे राहून नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. आजही परिस्थिती काय आहे? १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ज्याच्या बापाचे नाव कधी सात-बारावर चढले नाही, त्याला ‘गावाकडे चला’ म्हणणे किती सोपे आहे!

आता आपल्या स्वतःच्या साहित्याविषयी. आपल्या आत्मकथनांत गाव सोडणारा माणूस ठळक आहे. वाटेगावहून मुंबईकडे चालत गेलेले अण्णा भाऊ साठे हे तर त्या वाटेचे प्रतीकच झाले. पण गावी परतलेला माणूस, गावातच राहून हिस्सा मागणारा माणूस, आपल्या लेखनात मला फार थोडा भेटतो. संपानंतर परतलेली आपली कितीतरी घरे होती. टाळेबंदीत परतलेली आहेत. त्यांना वस्तीत जागा पुरली का? त्यांची पोरे कोणत्या शाळेत गेली? त्यांच्या घरातल्या बायका पाण्याला कुठे गेल्या? हे लिहिले गेले नाही, म्हणून रविवारच्या पुरवणीतले खेडे हेच खरे खेडे ठरते. आपण नकार लिहिला, तो आवश्यक होता. पण गाव सोडून आलेल्यांच्या साहित्याने गावात उरलेल्यांना एकटे टाकले, असा आरोप उद्या आपल्यावर झाला तर त्याला उत्तर आपल्याजवळ नाही. मी स्वतः इतकी वर्षे ‘बनगरवाडी’ शिकवली. वडिलांच्या घागरीविषयी मात्र आज प्रथम लिहितो आहे. हा आरोप आधी माझ्यावर आहे.

मुलीचा हट्ट आणि आईचा नकार, यांत मला आता विरोध दिसत नाही. दोघी एकाच गोष्टीची दोन टोके धरून आहेत. मी गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत जाऊन जागेचा उतारा काढला आणि आमच्या नावावर स्वतंत्र नळजोडणीसाठी अर्ज दिला. घर बांधायचे की नाही ते नंतर ठरवू. अर्जाची पोच आईला वाचून दाखवली. तिने दोनदा ऐकली आणि विचारले, ‘आपल्याच दारात हाय न्हवं नळ? का दुसऱ्याच्या?’

अजून जोडणी झालेली नाही.